जिताडा: ओळखायचा कसा, आणि त्याचं वजन काय सांगतं

पेण-अलिबागकडच्या माणसाला जिताडा म्हणजे काय हे सांगायला गेलात, तर तोच तुम्हाला चार गोष्टी ऐकवेल. त्याच्यासाठी हा लेख नाही. हा लेख आहे तो बाजारात "ताई, हा कुठला हो?" असं विचारणाऱ्यांसाठी, आणि हॉटेलच्या मेनूवर एशियन सी बास किंवा बारामुंडी वाचून काहीतरी परदेशी मागवल्याच्या आनंदात असणाऱ्यांसाठी. दोन्हीकडे मासा एकच. तळकोकणात आणि गोव्यात तो चोणक, बंगालात भेटकी, तमिळनाडूत कोडुवा. शास्त्रीय नाव लॅटिस कॅल्कॅरिफर, जे ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने 1790 मध्ये दिलं. इराणच्या आखातापासून भारत, आग्नेय आशिया आणि पार उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या किनाऱ्यांवर आणि खाड्यांमध्ये तो सापडतो.

एक घोटाळा आधीच निस्तरून टाकू. सी बास आणि बासा यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. बासा हा शिंगाळ्याच्या दूरच्या नात्यातला, गोड्या पाण्यात वाढवलेला स्वस्त मासा. कातडी काढून पांढरे तुकडे केले की दोघं सारखेच दिसतात, आणि नेमकं तिथेच गिऱ्हाईक फसतं. कोलकात्यात भेटकीच्या नावाखाली बासा खपवतात ही तक्रार जुनीच आहे. तुकडा घ्यायचाच असेल तर कातडीसकट घ्या. जिताड्याला मोठे, खरखरीत खवले असतात. बासाला खवले नसतातच.

अख्खा मासा समोर असेल तर डोक्यापासून सुरुवात करा. जिताड्याची पाठ उंच, पण डोळ्यांच्या वर येता येता ती खाली उतरते आणि कपाळाच्या जागी आत दबल्यासारखा खोलगट बाक येतो. एकदा नजरेत बसला की हा बाक दुरूनही ओळखता येतो. खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला, आणि तोंडाची फट डोळ्याच्याही मागे गेलेली. त्याचं जगणंच या तोंडावर चाललेलं असतं, त्याबद्दल पुढे. जबड्यावर बोट फिरवलंत तर बारीक, दाट, खरखरीत दात लागतील, पण सुळा एकही नाही. शेपटी गोल, मध्ये खाच नाही. अंगाच्या मधोमध जाणारी रेघ शेपटीच्या बुडाशी न थांबता थेट शेपटीच्या टोकापर्यंत जाते. पाठीवरचा पर दोन भागांचा: पुढे सात-आठ जाड काटे, मग खोल खाच, मग मऊ भाग.

आता कल्ल्याकडे बघा, पण हात जपून. कल्ल्याच्या झाकणाच्या आधी गालाचं जे हाड आहे, त्याची खालची कड करवतीसारखी दातेरी असते आणि तिच्या कोपऱ्यात एक टणक काटा असतो. जिवंत जिताडा तिथे धरला आणि त्याने मान झटकली की तळहात चिरलाच म्हणून समजा. सवयीचा कोळी म्हणूनच त्याला खालच्या जबड्याला अंगठा लावून उचलतो. खालच्या जबड्याला तसली धार नाही.

रंगावर मात्र फार विसंबू नका. समुद्राच्या तोंडाजवळचा जिताडा चांदीसारखा, पाठ करडी-हिरवट. खाडीत आत किंवा गढूळ तळ्यात राहिलेला तपकिरी, काळपट, पिवळसर झाक असलेला. जात तीच, पाणी वेगळं. छोटं पिल्लू तर जिताड्याच्या पोटचं वाटतच नाही: अंगावर तपकिरी-काळे ठिपके-डाग, आणि पाठीपासून नाकापर्यंत एक पांढरट पट्टा. अंधारात बॅटरी मारली की डोळे लालसर चमकतात. डोळ्याच्या आतला थर उजेड परतवतो म्हणून असं होतं. गढूळ पाण्यात आणि रात्री शिकार करणाऱ्याला तो थर कामाचा.

गल्लत होते ती चारपाच माशांशी. रावस लांबून तसाच चांदीचा वाटतो, पण त्याची शेपटी खोल दुभंगलेली, नाक तोंडाच्या पुढे आलेलं, आणि छातीच्या पराखाली दोऱ्यांसारखे सुटे तंतू. घोळीचा खालचा जबडा पुढे येत नाही. तांब लालसर असतो आणि त्याला पुढे चांगले सुळे असतात. हेकरूची शेपटी गोल असते खरी, पण त्याचे खवले बारीक, कातडीत रुतलेले, आणि कपाळाला तो बाक नाही. चिलापीला जिताडा म्हणून विकणारा विक्रेता अजून भेटायचाय. तिचं तोंड इतकं लहान असतं की शंकेला जागाच नाही.

दबा धरून बसणारा

जिताडा पाठलाग करून दमणाऱ्यातला नाही. तिवरांची मुळं, बुडालेला ओंडका, पुलाचा खांब, उघाडीचं (बांधातल्या पाण्याच्या दाराचं) तोंड अशा आडोशाला तो प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो. ओहोटीला खाजणातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतलं, पाणी उतरायला लागलं की त्याबरोबर कोळंबी, बोयटांची पिल्लं, छोट्या चिंबोऱ्या खाली येतात, आणि जेवण दारात येतं. म्हणून जुना गरीवाला भरतीच्या ऐन भरात वेळ घालवत नाही. तो पाणी वळायची आणि आडवाटेची ओहळं मोकळी व्हायची वाट बघतो.

भक्ष्य टप्प्यात आलं की जिताडा चावत नाही, ओढून घेतो. जबडे पुढे झेपावतात, कल्ल्यांची झाकणं बाहेर फाकतात, तोंडाची पोकळी एका झटक्यात मोठी होते. आत दाब कमी झाला की बाहेरचं पाणी धावून येतं, पिचकारीचा दट्ट्या मागे खेचल्यावर येतं तसं, आणि पाण्याबरोबर मासाही. मग तोंड मिटतं, पाणी कल्ल्यांतून बाहेर, घास आत. बारीक दातांचं काम फक्त निसटू न देण्याचं. रात्री तळ्याकाठी बसलेल्याला "धप्प" असा जो आवाज ऐकू येतो तो पृष्ठभागावरच्या अशाच एखाद्या घासाचा.

घास भाऊबंदांचाही असतो. पिल्लं एकाच टाकीत ठेवली आणि त्यातली काही जरा भराभर वाढली की ती बाकीच्यांना गिळायला लागतात. आपल्या निम्म्याहून जास्त लांबीचा भाऊसुद्धा जिताडा गिळू शकतो. त्यामुळे बीज तयार करणाऱ्या केंद्रांत दर काही दिवसांनी पिल्लं आकारमानाप्रमाणे वेगळी करणं हे रोजच्या खाण्याइतकंच महत्त्वाचं काम असतं. ते चुकलं की हिशेबात पिल्लं कमी भरतात, आणि चोर मात्र टाकीतच जाडजूड होऊन पोहत असतो.

दोन पाण्यांचा मासा

आता खरी गुंतागुंत. बहुतेक मासे एका पाण्याचे असतात. समुद्रातला पापलेट नदीत सोडला तर मरेल, नदीतला रोहू समुद्रात मरेल. कारण साधं आहे. माशाच्या रक्तातलं मिठाचं प्रमाण समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतं. समुद्रात असताना अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि मासा सुकायला लागतो. म्हणून तो पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात नेमकं उलटं: पाणी अंगात घुसतं, मीठ निसटायला बघतं. तिथला मासा भरपूर पातळ लघवी करतो आणि पाण्यात असेल नसेल ते मीठ कल्ल्यांनी आत ओढून घेतो. ही दोन्ही यंत्रणा एकाच अंगात ठेवणं आणि गरजेप्रमाणे पालटणं जिताड्याला जमतं. कल्ल्यांतल्या मीठ हलवणाऱ्या पेशी पाण्याप्रमाणे बदलतात.

पण अंडी घालायला त्याला खारं पाणीच लागतं. आपल्याकडे पावसाळ्याच्या सुमारास मोठे जिताडे खाडीच्या तोंडाकडे उतरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी त्यांची वेळ जुळलेली असते, आणि तिला कारण आहे. अंडी मिलिमीटरभराचीही नसतात, खाऱ्या पाण्यात तरंगतात, आणि उधाणाची भरती त्यांना आत, खाजणाकडे आणते. उबदार पाण्यात दिवसभराच्या आतच पिल्लू बाहेर पडतं. पुढचे काही महिने त्याचं पाळणाघर म्हणजे तिवरांखालचं उथळ, गढूळ, कोमट पाणी आणि पावसाने भरलेली खारजमीन. तिथे खाणं भरपूर आणि मोठे शिकारी कमी. थोडं मोठं झालं की काही पिल्लं आणखी वर, गोड्या पाण्यात जातात आणि काही वर्षांनी पिढी पुढे चालवायला परत खाली उतरतात.

"काही" हा शब्द मुद्दाम वापरला. सगळे जिताडे नदीत जातात असं पूर्वी सर्रास लिहिलं जायचं. मग अभ्यासकांनी माशाच्या डोक्यातला खडा वाचायला सुरुवात केली. कानाच्या जागी असलेला हा चुनखडीचा खडा झाडाच्या खोडासारखा थराथराने वाढतो आणि मासा ज्या पाण्यात असेल त्याची खूण त्या थरात राहते. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त, गोड्यात साधारणपणे कमी. खडा कापून मध्यापासून कडेपर्यंत मोजत गेलं की मासा कुठल्या वयात कुठल्या पाण्यात होता हे उलगडतं. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनीतल्या माशांवर हे झालं तेव्हा दिसलं की काही जिताडे आयुष्यात गोड्या पाण्याचं तोंडही बघत नाहीत, काही अनेक वर्षं वरच राहतात, तर काही ये-जा करतात.

क्वीन्सलँडमधल्या फिट्झरॉय नदीवरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट समोर आली: ज्या वर्षी नदीला चांगलं पाणी येतं त्या वर्षीच्या पिल्लांची फळी भक्कम निघते. पूर आला की पाणथळी भरतात, वाटा उघडतात, खाणं वाढतं. म्हणजे वर धरणात किती पाणी अडवलं याचा हिशेब खाली खाडीत, तोही काही वर्षांनी, जाळ्यात दिसतो. आपल्या अंबा, पाताळगंगा, कुंडलिका या नद्यांच्या बाबतीत हे गणित कोणी मांडताना सहसा दिसत नाही. चर्चा सगळी ट्रॉलर आणि जाळ्यांच्या आसांची (भोकांच्या मापाची), जणू माशाला पाण्याशी काही देणंघेणंच नाही.

आधी बाबा, मग आई

जिताड्याचा सगळ्यात चकित करणारा भाग हा. तो जन्माला येतो, वाढतो आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी नर म्हणून वयात येतो. एकदोन हंगाम, कधी जास्त, नराचं काम करतो. मग सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, एक हंगाम उरकल्यावर, त्याच्या अंगातली वीर्य करणारी ग्रंथी अंडी करणाऱ्या ग्रंथीत बदलते. पुढचं सगळं आयुष्य मादी म्हणून. थोड्या माद्या थेट मादी म्हणूनच वयात येतात, पण त्या अपवाद.

असं का? हिशेब शरीराच्या आकाराचा आहे. वीर्य करायला फार मोठं अंग लागत नाही. छोटा नरही भरपूर अंडी फळवू शकतो. अंड्यांची संख्या मात्र पोटात किती जागा आहे यावर ठरते. मोठ्या जिताडणीच्या पोटात एका हंगामात कोटीच्या घरात अंडी असू शकतात, छोटीला ते जमणार नाही. म्हणून लहानपणी नर आणि मोठेपणी मादी होण्यात जास्त पिल्लं. हेकरूत हाच पालट उलट्या दिशेने होतो, आधी मादी मग नर, कारण तिथे मोठा नर बाकीच्या नरांना हुसकावून अनेक माद्यांवर ताबा ठेवतो आणि मोठं असण्याचा फायदा नराच्या पदरी पडतो.

आता बाजारात तागडीकडे बघा. दीड ते अडीच किलोचा जिताडा बहुधा नर. चार किलोच्या पुढचा बहुधा मादी. अर्ध्या-पाऊण किलोचा म्हणजे एकदाही वीण न झालेला. वजन सांगितलं की त्या माशाच्या आयुष्यातला मुक्काम कळतो. त्यामुळे दहा किलोचा जिताडा पकडून फोटो काढला की आपण त्या खाडीतला एक मासा कमी करतो एवढंच नाही, अंडी देणाऱ्यांतली एक मोठी कमी करतो. आणि छोटेच उचलत राहिलो तर नर होण्याआधीच रांग तुटते, मग मादी व्हायला कोण उरणार? दोन्ही टोकांनी ओढलं तर मधला भाग किती दिवस पुरेल?

क्वीन्सलँडने म्हणूनच दोन्ही टोकं बांधली आहेत. 58 सेंटिमीटरपेक्षा लहान बारामुंडी ठेवायची नाही आणि 120 पेक्षा मोठीही नाही, परत पाण्यात सोडायची. पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबर ते जानेवारी या विणीच्या काळात ती पकडायलाच बंदी. आपल्याकडे जून-जुलैची मासेमारीबंदी आहे, पण ती यांत्रिक होड्यांसाठी. खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्याला किंवा बिगरयांत्रिक होडीवाल्याला ती लागू नाही, आणि जिताडा तर नेमका त्याच दिवसांत खाडीच्या तोंडाशी असतो. पाग घेऊन पोट भरणाऱ्यावर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. पण कमाल लांबीची मर्यादा ही कल्पना आपल्याकडे चर्चेतही नसते, हे खटकतं.

खारेपाटातली तळी

पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या खारेपाटात जिताडा पाळायची पद्धत शास्त्रीय मत्स्यपालनाच्या कितीतरी आधीची आहे. बांध घालून समुद्र मागे सारलेली ही भातजमीन. बांधाला उघाड्या असतात. ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला मिटून खारं पाणी बाहेर ठेवायचं. पावसात याच वाटांनी, ओहळांतून आणि शेतातून जिताड्याची पिल्लं मिळतात. ती घरामागच्या तळ्यात सोडायची आणि वाढवायची. तळ्यातलं पाणी पावसाने गोडं झालं तरी पिल्लाला फिकीर नाही, त्याचं कारण वर आलंच. खायला तळ्यातली चिलापी आणि छोटी मासळी. खाणं चांगलं मिळालं तर वर्षभरात किलोच्या आसपास जातो. जावई आला, लग्न निघालं, की तळ्यात जाळं. आणि साहेबाच्या घरी जिताडा पोचला की फाईल हलते, हा तिकडचा जुना विनोद. विनोदच म्हणू.

या पद्धतीची मर्यादा बीजाची. खाडीतून मिळेल तेवढंच. बंदिस्त जागेत जिताड्याची वीण घडवून आणणं थायलंडने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला जमवलं. भारतात निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनावर काम करणाऱ्या चेन्नईच्या सिबा या केंद्रीय संस्थेने ते 1997 मध्ये केलं. आता पिल्लं विकत मिळतात, त्यांना कोरडं खाद्य खायची सवय लावलेली असते, आणि राज्याच्या कांदळवन कक्षाच्या योजनेतून किनाऱ्यावरचे बचतगट खाडीत पिंजरे लावून जिताडे वाढवतात. अंडी देणारा मोठा मासा मात्र या केंद्रांनाही जपावाच लागतो, मादी तयार व्हायला तेवढी वर्षं जातातच. तो काळ कमी करायला तज्ज्ञ संप्रेरकं देऊन लिंगबदल लवकर घडवून आणतात, पण तो वेगळा विषय.

खाडीचा आणि पाळलेला यांत फरक करायचा तर पोट बघा. पाळलेल्याच्या आतड्याभोवती चरबीचा जाड थर असतो, खाडीच्याला बेताचाच. पिंजऱ्यातल्याची शेपटी आणि पर कधीकधी घासलेले दिसतात. चवीत तळ्याच्या जिताड्याला कधी मातीचा वास येतो, तो माशाचा दोष नाही. गोड्या पाण्यातले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, पहिल्या पावसात मातीला सुटणारा गंधही त्याचाच, आणि ते माशाच्या चरबीत साठतं. विकण्यापूर्वी काही दिवस मासा स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला की ते निघून जातं. एवढी तसदी घेणारे मासे पाळणारे कमी. तेव्हा तळ्याचा जिताडा घेतलात तर पोटाकडची चरबी खरवडून काढा, आगळ किंवा चिंच लावून अर्धा तास ठेवा, आणि कालवणापेक्षा तळायला घ्या. एक-दीड किलोचा पाळलेला मासा घेणं मला तरी सगळ्यात परवडतं, खिशालाही. दहा किलोच्या धुडाचं मांस तसंही राठ लागतं, आणि चार माणसांच्या घरात ते संपतही नाही.